शेपटीच्या बाई

प्रिय ढब्बू,

या नावाने आता हाक मारू नकोस, ऑफिसातल्या लोकांसमोर लाज वाटते, असं तुझं मला बजावून झालं आहे. पण हे पत्र आहे, तुझ्या ऑफिसातलं कुणी ते उघडणार नाही, तेव्हा आज मी तुला हव्या त्या नावाने हाक मारणार. कागदावर का लिहितेय, हा तुझा पहिला प्रश्न असेल. फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही म्हणून. मी एक वाक्य सुरू केलं की तू 'बरं आई, ते राहू दे' म्हणतोस, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पिटुकलीला फोनसमोर धरतोस. ती 'अं' करते आणि मी विरघळते. स्वतःचं काही चालेनासं झालं की तू पोरीची ढाल करतोस, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. कागदावर ती सोय नाही.

तू पाठवलेलं तिकीट मिळालं. 'आई, परतीचं काढलंय, सामान आवरायला घे,' एवढाच मजकूर, आणि खाली जोडलेले दोन हात. मी परदेशातलं हे शिक्षण अर्ध्यावर टाकून येणार की नाही, हे तुला कळायला हवं आहे आणि ते मी या पत्रात सांगणार आहे. पण शेवटी सांगणार. पानं उलटून शेवट आधी वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचास आणि मग गोष्टीत काही दम नव्हता म्हणून कुरकुरायचास. आधी डोंगराचं ऐक. हो, गेले. डोंगर चढणार नाही हा तुला दिलेला शब्द मोडून गेले, आणि त्याबद्दल मला तिळमात्र वाईट वाटत नाही.

माझी खोली तू फोनवर पाहिली आहेस. खाट, टेबल, कोपऱ्यातलं कपाट आणि त्याचं न लागणारं दार. पण फोन फिरवताना मी तो नेहमी भिंतीच्या बाजूने फिरवत आले, खिडकीकडे कधी नेला नाही. खिडकीत डोंगर आहे. तो दिसला असता तर तू लगेच माझ्या गुडघ्यांचा विषय काढला असतास. सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहते, तेव्हा खाली घरमालकिणीचा रेडिओ सुरू झालेला असतो. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे बातम्या अख्ख्या इमारतीला फुकट मिळतात. स्वयंपाकघर आम्हा पाचजणींचं मिळून एक. तिथे माझ्या फळीवरची साखर कुणीतरी रोज थोडी थोडी पळवतं आणि कोण ते मला माहीत आहे. परीक्षा जवळ आलेली पोर आहे, रात्री चहा लागतो तिला, म्हणून मी काही बोलत नाही.

तू लोकांना सांगतोस की आई हवापालटाला बाहेर गेली आहे. मावशीनेच मला कळवलं, तिच्या पोटात काही राहत नाही. वर तिने स्वतःचंही जोडलं, की या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसायची हौस होती तर नातीसोबत बसायचं, तिलाही पुढेमागे लागलीच असती. माझी धाकटी बहीण आहे, तिला मी काय ते परस्पर सुनावलं. पण तू? आई नकाशे काढायला शिकतेय, हे सांगायला जीभ का अडखळते रे तुझी? मी शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा तूच वर्गात कॉलर ताठ करून बसायचास. तीच बाई आता त्याच विषयात पुढचं शिकतेय, यात हवापालट कुठून आला?

सुरुवातीला माझी फजिती झाली हे लपवत नाही. संगणकावर नकाशा काढायच्या पहिल्याच चाचणीत मी नापास झाले. शेजारी बसणाऱ्या मुलीने (केस जांभळे रंगवलेत म्हणून मी तिला मनात जांभळी म्हणते) माझ्या मॉनिटरकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ही नदी डोंगरावर का चढतेय. खरंच चढत होती. माझ्याकडून चढउताराचं चिन्ह उलटं पडलं होतं. आयुष्यभर शेकडो पोरांच्या पेपरावर मी लाल शाईने 'नदी उतारावरून वाहते' असं लिहिलं, आणि आता माझीच नदी चढत होती. खूप हसलो आम्ही दोघी. पुढच्या चाचणीत पास झाले, आणि हाताने काढायच्या नकाशात तर वर्गात पहिली आले. हे तुला फोनवर सांगायला घेतलं होतं, पण पिटुकली आडवी आली.

आमच्या शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा खूपच लहान आहेत, पण चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. त्यांचा एक नियम आहे. ज्या वाटेने स्वतः चाललात तीच नकाशावर काढायची. आकाशातून काढलेले फोटो काय नि संगणक काय, सगळं नंतर, आधी पाय. या सत्रात आमच्या तुकडीच्या वाट्याला खिडकीतला डोंगरच आला. डोंगर नाही तर नकाशा नाही आणि नकाशा नाही तर सत्र वाया. मी तुला शब्द दिलेला होता, म्हणून बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, मला यातून सूट द्या, माझ्या मुलाला चालणार नाही. बाईंनी विचारलं, केवढा आहे मुलगा? मी तुझं वय सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मला वाटलं लहान असेल. मी बाहेर आले. जिन्यात मात्र असं वाटलं की कुणीतरी आपलं पितळ उघडं पाडलं.

तुला हे सांगायला मी त्याच दिवशी फोन केला होता, आठवतं? तू म्हणालास, 'आई, दुरून डोंगर साजरे.' म्हण बरोबर आहे, पण ती आयुष्यभर दुरूनच बघणाऱ्यांनी मला का ऐकवावी? जवळूनही साजरा असतो तो. घाम येतो, एवढंच.

डोंगराला जायचं ठरलं त्या शनिवारी खरं तर मी जाणार नव्हते, आणि त्याचं कारण तुला दिलेला शब्दही नव्हता नि गुडघेही नव्हते. पण ते नंतर. सकाळी उठले ती डोकं तापलेलंच होतं. बूट चढवले, गुडघ्याला पट्टा बांधला, पिशवीत संत्री आणि उकडलेली अंडी टाकली आणि बस गाठली. पायथ्याशी सगळे जमले तेव्हा लंब्या (हा आमच्यातला ताडमाड मुलगा, त्याला दारातून वाकूनच यावं लागतं) मला बघून म्हणाला, वा, आलात तुम्ही. त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण माझ्या कपाळावर आठ्याच आल्या. न यायला काय झालं होतं?

आता खरी गंमत ऐक. शाळेत सहल निघायची तेव्हा आमची एक पद्धत होती. पुढे पी.टी.चे सर, त्यांना वाट ठाऊक. मध्ये पोरं. आणि सगळ्यात मागे मी, गळ्यात शिट्टी अडकवून. माझं काम एकच, शेवटचं पोर माझ्या पुढे राहिलं पाहिजे. कुणाची चप्पल तुटली, कुणाला लघवीला जायचंय, कुणी रुसून दगडावर बसलंय, ते सगळं माझ्या वाट्याला. स्टाफरूममध्ये मला 'शेपटीच्या बाई' म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. किती सहली केल्या असतील मी! पण एकाही टेकडीचा माथा मी पाहिलेला नाही, हे तुला माहीत आहे का? शेपूट वर पोचायच्या आत डोकं परत फिरलेलं असायचं. सर वरून ओरडायचे, 'बाई, वर येऊ नका, तिथंच थांबा, आम्ही उतरतोय, मोजून घ्या.' मी तिथेच उभी राहून पोरं मोजायची. घरी आल्यावर तू विचारायचास, वर काय होतं गं, आणि मी म्हणायची, वारा होता.

तर इथेही पाय आपोआप मागे रेंगाळले. आम्ही नऊजण. मी शेवटी, आणि दर वळणाला पुटपुटत मोजतेय. थोडं चढलं की पुढचे थांबायचे. ते थांबले की मीही थांबायची, कारण शेवटच्याने पुढे कसं जायचं? मग ते आणखी थांबायचे. मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे बघतायत. माझ्या मनात येई, काय ही आजकालची पोरं, एवढ्यात दमली. त्यांच्या मनात काय येत होतं ते मला नंतर कळलं. बिचाऱ्या बाईंना दम लागलाय, ओठ हलतायत, बहुतेक देवाचा धावा चाललाय. असं करत करत आम्ही अर्धा डोंगरही चढलो नाही आणि ऊन डोक्यावर आलं. शेवटी शिकवणाऱ्या बाई वैतागल्या. त्यांनी जांभळीला खाली पाठवलं.

ती माझ्याशेजारी येऊन बसली, पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, तुम्ही का थांबताय? ती म्हणाली, तुमच्यासाठी. मी म्हटलं, आणि मी तुमच्यासाठी, कुणी मागे राहू नये म्हणून. तिला ते कळेचना. मी तिला शिट्टीची, सरांची, चपला तुटणाऱ्या पोरांची सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पण आम्ही तर मोठे आहोत, आज तुम्हाला मागे कुणी ठेवलं? ढब्बू, कुणीच ठेवलं नव्हतं. मी माझी मीच जाऊन उभी राहिले होते.

वर बाकीचे थांबले होते तिथे गेल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी मला झापलं. सरळ सरळ झापलं, वय वगैरे मध्ये न आणता, आणि मला ते आवडलं. म्हणाल्या, डोंगरात सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढे असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? तो मागे राहिला की एकटा पडतो आणि पुढचे धावत सुटतात. तो पुढे असला की सगळे त्याच्या चालीने चालतात आणि कुणी सुटत नाही. इथे सगळ्यात हळू कोण? मी वर्गात पोर हात वर करतं तसा हात वर केला. मग या पुढे, म्हणाल्या, आणि नकाशा माझ्या हातात दिला. पुढचा चालतो त्यानेच वाटेच्या खुणा टिपायच्या, तोही त्यांचा नियम.

पुढे चालणं कसं असतं ते तुला सांगितलंच पाहिजे. समोर कुणाची पाठ नसते. वाट नुसती तुझ्यासमोर पडलेली असते आणि डावीकडून जायचं की उजवीकडून, हे तुलाच ठरवायचं असतं. मागे आठ जवान माणसं आपल्या चालीने येतायत, कुणी पुढे घुसत नाही, कुणी 'आटपा' म्हणत नाही. पहिल्यांदा मला फार अवघडल्यासारखं झालं, सारखी मागे वळून बघत होते. लंब्या ओरडला, आम्ही सगळे आहोत, मोजू नका! एका ठिकाणी मी वाट चुकवली, झुडपांत घुसवलं सगळ्यांना. शाळेत असतं तर मी शरमेने अर्धी झाले असते. इथे बाई म्हणाल्या, चुकीची वाटही टिपा, पुढच्याला उपयोगी पडेल. टिपली. माझ्या नकाशावर ती तुटक रेषेने आहे, येऊन बघ कधीतरी.

आणि मग चढ संपला. माथा म्हणजे मला वाटलं होतं टोक असेल. फळ्यावर मी किती वेळा काढलाय डोंगर, एकात एक रेषा, आत आत लहान होत जाणाऱ्या, आणि सगळ्यात आतल्या चिमुकल्या गोल कड्यावर खडू टेकवून म्हणायची, 'हे शिखर.' इथे ते कडं आपल्या इमारतीच्या गच्चीपेक्षा मोठं निघालं. दगड होते, वाऱ्याने झोपलेलं गवत होतं, कुणीतरी टाकलेलं बिस्किटाचं पाकीट होतं. बाकीचे खायला बसले आणि मी त्या कड्यावरून पायी एक पूर्ण फेरी मारली. तुला वाटेल आनंद झाला असेल. आधी आनंद नाही झाला. आधी भयंकर राग आला. तीस वर्षं 'हे शिखर' म्हणणाऱ्या बाईला त्यावर पाय ठेवायला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही, याचा राग. मग जांभळीने सोललेलं संत्रं हातात ठेवलं आणि मी ते खाल्लं, आणि मग कुठे आनंद झाला, तो असा की डोळे पुसावे लागले. तिला वाटलं वाऱ्याने.

तिथे बसून मी तिला एक गोष्ट सांगितली, ती तुला माहीत नाही. तू झालास त्या वर्षी मी पुढच्या शिक्षणासाठी निवडली गेले होते. हाच विषय, असंच परदेशात. जागा ठरली होती, निघायचा महिना ठरला होता. मग घरात बैठक बसली. तुझ्या बाबांच्या आईने सांगितलं, जाऊ नकोस. माझ्या आईने सांगितलं, जाऊ नकोस. तुझे बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणं सगळ्यात जड होतं. गेले ते आता, त्यांच्या माघारी त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण झालं ते झालं. तुझ्यामुळे राहिले असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. तू तर तेव्हा माझ्या खांद्यावर दूध ओकण्यात गुंग होतास. तुला कुणी विचारलं असतं तर तू काही हरकत घेतली नसतीस. मी सगळ्यांचं ऐकलं म्हणून राहिले.

उतरताना मात्र गुडघ्याने दात दाखवले. शेवटचा उतार मी चक्क बसून घसरत उतरले, बुडाखाली लंब्याचं जाकीट घालून, आणि ते जाकीट आता कुणाच्या कामाचं राहिलेलं नाही. रात्री गुडघा भोपळ्याएवढा झाला. घरमालकिणीने बर्फाची पिशवी दिली आणि रेडिओ माझ्या खोलीत आणून ठेवला, करमणूक म्हणून. तीन दिवस लंगडले, आता बरी आहे. हे सगळं स्वतःच लिहून टाकतेय, म्हणजे मागाहून कुणाकडून कळलं तर 'बघ, मी सांगत होतो' म्हणायची तुझी हौस फिटणार नाही. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, पट्टा बांधून परत जायला हरकत नाही. परत जाणार आहे. उत्तरेकडची बाजू अजून काढायची राहिली आहे.

आता तुझ्या घराकडे येते. तू वाईट मुलगा नाहीस, हे आधी लिहिते. तू चांगला मुलगा आहेस आणि इथेच घोडं पेंड खातंय. चांगला मुलगा म्हणजे आईला तिकीट काढून देणारा, विमानात खिडकीची जागा बघणारा, खोलीत नवा पंखा लावून ठेवणारा. ते सगळं तू केलंस. पण तुझी बायको पुढच्या महिन्यापासून दवाखान्यात कामावर परत जातेय, आणि एक्स-रे काही घरी बसून काढता येत नाहीत. तुझ्या ऑफिसात बाळाच्या बापाला रजा मिळते, हे मला तुझ्याकडूनच कळलं. बाळ झालं तेव्हा तू हसत सांगितलं होतंस, आमच्याकडे कुणी घेत नाही ती, लोक काय म्हणतील. शिवाय आठवड्यातले तीन दिवस तू घरीच लॅपटॉप उघडून बसलेला असतोस. तरी पोर सांभाळायचा प्रश्न आला तेव्हा तुला आधी कोण आठवलं? समुद्रापलीकडे बसलेली आई. बाजूच्या खोलीतला बाप आठवला नाही.

आता जे सांगण्यासाठी बसले ते सांगते. तिकीट आलं त्याच दिवशी मी बॅग भरली होती, ढब्बू. भांडले नाही, रुसले नाही, मुकाट्याने कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि दर घडीला स्वतःला बजावत होते की नातीसाठी आजीने नाही करायचं तर कुणी करायचं. तेवढ्यात तुझ्या बायकोचा फोन आला, गच्चीवरून, पिटुकलीला खांद्यावर घेऊन. ती म्हणाली, 'आई, येऊ नका.' मी हातातली घडी खाली ठेवली. ती म्हणाली, 'तुम्ही आलात तर माझं सगळं सोपं होईल, मला काय ते कळत नाही का? पण मग हा कधी बाप होणार नाही. तुमचा मुलगाच राहील.' मला ते फार लागलं. ज्या घरात मी उभी हयात काढली, तिथे ही कालची आलेली मला नको म्हणते, असं वाटून मी रडले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. त्याच रागात, भरलेली बॅग खाटेखाली ढकलून, मी शनिवारी डोंगर चढायला गेले. पोर तूच सांभाळावीस हे तिने तुला आधी सांगितलं होतं म्हणे, आणि तू हसलास. म्हणून तिनेच नंतरच्या फोनवर सांगितलं, 'आई, माझं नाव घालून लिहा.' तेव्हा तिला जाब विचारायच्या भानगडीत पडू नकोस. माझ्या त्या राहिलेल्या शिक्षणाची गोष्ट मी तिला एकदा सांगितली होती, बाळाची दुपटी वाळत घालताना. त्या पहिल्या फोनवर, फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, 'आई, तेव्हा सगळे तुम्हाला म्हणाले, जाऊ नका. म्हणून मी म्हणतेय, येऊ नका.' डोंगरावरून आल्यावर, सुजलेला गुडघा खाटेवर ठेवून, मी बॅग परत उपसली आणि तिला फोन केला. पिटुकली मध्ये बडबडत होती. मी येणार नाही. तिकीट रद्द कर आणि उद्या ऑफिसात जाऊन रजा माग, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. पुढच्या महिन्यातल्या त्या पहिल्या सोमवारी सकाळी तुझी बायको कामावर जायला निघेल, पोर रडेल, बहुतेक तूही रडशील. तिला थांबवू नकोस. ती गेली की दार लाव. आतून.

तुझीच, पण आता फक्त तुझीच नाही,
आई